कडी लागली नव्हती

मी दरवाजा बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय. शाळेच्या बाई पोरांची रांग घेऊन येतात, माझ्यासमोर उभ्या राहतात आणि म्हणतात, "मुलांनो, हा दरवाजा बोलू लागला तर काय सांगेल?" पोरं जांभया देतात. आता सांगतोच एकदाचं, म्हणजे कटकट मिटेल. मला सुताराने घडवलं, मास्तराने नाही. तेव्हा गोडगोड बोलणं मागू नका.

एका शिवणकारखान्याच्या मागच्या बोळात मी उघडायचो. बाहेर स्टुलावर चौकीदार बसायचा. माझ्या बिजागऱ्यांना तेल घालताना स्वतःच्या गुडघ्यांनाही दोन थेंब चोळायचा आणि म्हणायचा, "तू आणि मी, दोघंही कुरकुरे." आत त्याची धाकटी बहीण शर्टांना काजं करायची. नोकरी त्यानेच लावून दिलेली. बोळातली माझी कडी तो कारखाना सुटल्यावरच लावायचा. दिवसा कधीच नाही. त्याची बहीण आत असायची ना!

खिडक्यांतून वारा शिरला की मी धाडकन उघडायचो आणि कापलेल्या कॉलरी हॉलभर उडायच्या. बायका माझ्या नावाने बोटं मोडायच्या. शेवटी धाकटीने अस्तराची एक चिंधी घेतली आणि माझी मूठ चौकटीच्या खिळ्याला बांधली. ओढली की सुटेल अशी गाठ. मला राग आला नाही. तिचा हात हलका होता.

मग मालकाने वर आणखी एक मजला चढवला आणि त्यात छतापर्यंत कापडाचे तागे भरले. खाली एक खांब वाढवला असेल तर शपथ. वरचं ओझं माझ्या चौकटीवर आलं, चौकट माझ्या डोक्यावर. मी अडकू लागलो. चौकीदार म्हणाला, "साहेब, दार घासतंय."

"मग तासून घे की!"

सुताराने माझं डोकं तिरकं तासलं. पुढच्या वर्षी पुन्हा तासलं. चौकटीकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. वरच्याला हलवायचं नसलं की माणसं खालच्याला तासतात, हे मी तेव्हाच ओळखलं.

भूकंप झाला तेव्हा धाकटी पुढच्या नळावर पाणी भरायला गेली होती. म्हणून वाचली. बाकीच्या माझ्याकडे धावल्या. चिंधी पहिल्याच हिसक्याला फाटली. पण चौकटीने मला दातांत धरावं तसं धरलं होतं. आतून त्या ढकलतायत, बाहेरून चौकीदार ओढतोय, त्याची नखं उचकटली. मीही जोर केला. लाकडाला जोर कसला, म्हणाल. केला, एवढं खरं. मग वरचा मजला खाली आला. कित्येक जणी गेल्या. काहींचे तळहात शेवटपर्यंत माझ्यावर टेकलेले होते. ते वजन अजून जात नाही.

चौकशीला सरकारी साहेब आले. मला ढिगाऱ्यातून काढून अंगणात आडवं टाकलं. लोक चवताळलेले, कुणाचा तरी गळा हवाच होता. मालकाने माझ्या मुठीला लटकणारी चिंधी उचलून दाखवली. "हे बघा! दार आतून बांधलेलं होतं. कुणी बांधलं?"

सगळ्या माना वळल्या. गर्दीत धाकटी सुन्न उभी होती, काही ऐकतच नव्हती. तेवढ्यात चौकीदार ओरडला, "चिंधीचं काय घेऊन बसलात? बाहेरून कडी लागली होती. मी लावली होती!"

मालकाचा चेहरा उजळला. म्हणाला, "भूकंप देवाच्या हातात, कडी ह्याच्या. आमचा काय दोष?"

चौकीदार तुरुंगात गेला. जाताना धाकटी त्याला म्हणाली, "आजपासून मला भाऊ नाही." मालकाने दुसरीकडे मोठा कारखाना काढला. मी आधी गोदामात धूळ खाल्ली, मग ह्या स्मारकाच्या खोलीत उभा राहिलो. शेजारी फलक लावलाय. त्यावर दोषी म्हणून चौकीदार.

परवा तो आला. काठी टेकत, वाकलेला. माझ्यासमोर उभा असतानाच मागून धाकटी आली. तिचेही केस पांढरे झालेत. त्याला पाहून ती परतायला लागली आणि माझ्या कडीपाशी थबकली. कडीवरून बोट फिरवलं.

"ही तर सरळ आहे. इतक्या जणींनी ढकललं. लावलेली असती तर वाकली असती, उखडली असती."

"जुनं लोखंड आहे. दणकट," तो पुटपुटला.

"दादा, माझ्याकडे बघून बोल."

त्याने बघितलं नाही. तिची नजर मुठीवरच्या चिंधीवर गेली आणि तिचा हात तोंडावर गेला. "माझ्यामुळे?"

"नाही गं, वेडे! ती तर पहिल्याच हिसक्याला फाटली. ह्याचं डोकं बघ, दोनदा तासलंय. वरच्या ओझ्याने चौकट बसली होती. पण तेव्हा ते ऐकायला थांबलं असतं कोण? तुला फाडून खाल्लं असतं."

"म्हणून माझ्या मैत्रिणींचं पाप अंगावर घेतलंस? आणि मी तुला इतकी वर्षं शिव्या घातल्या?"

"घातल्यास, पण जगलीस ना?"

"मला वाचवलंस, दादा. पण त्या मालकालाही वाचवलंस."

ती ढसाढसा रडली, मग नाक पुसून त्याचं मनगट धरलं. "चल. इथल्या साहेबांना सांग. मजला, तागे, सगळं."

"आता कोण ऐकतंय?"

"मी ऐकतेय. चल म्हणते ना!"

गेले. त्याने सगळं सांगितलं, हात जोडून माफीही मागितली. काल फलक उतरवला. नवा कधी लागेल कोण जाणे, पण भिंतीवर त्या जागी नुसते खिळे आहेत, तेही बरं वाटतं. धाकटी त्याला आपल्या घरी घेऊन गेली म्हणे. जाऊ दे. जेवू दे पोटभर.

पण माझं काय? त्या दिवशी माझी कडी उघडी होती, आणि भर अंगणात मला बंद ठरवलं गेलं. मालकाकडून मी काही मागत नाही, त्याची तेवढी लायकी नाही. बहिणीची माफी मागितली, साहेबांची मागितली, माझ्याकडे मात्र वळूनही न पाहता काठी टेकत निघून गेला, तो माझा चौकीदार.