अकरा खांबांचे काम

"एका दिवसात उभं करून देतो म्हणतोय तो माणूस," बायको म्हणाली. "मग तुम्हाला कशाला हवा हा खटाटोप?"

"एका दिवसात उरकेल आणि वर्षभरात खांब डुलायला लागतील," थोरला म्हणाला. मोजमाप घ्यायला आलेल्या कुंपणवाल्याला त्याने नुकताच चहा पाजून परत पाठवले होते.

बायकोने कपाळाला हात लावला. "आयुष्यभर पाइप आडवे घातलेत तुम्ही. खांब उभे करायचे असतात."

बोलणे खोटे नव्हते. तो नगरपालिकेतून सांडपाण्याच्या पाइपांचा फिटर म्हणून निवृत्त झाला होता. कुंपण घालायचे होते ते त्याच्या आणि शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाच्या अंगणांच्या मधोमध. आई गेल्यावर घराची वाटणी झाली, आणि तेव्हापासून चौदा महिने बोलणे बंद. भांडणाचे कारण आता दोघांनाही धड सांगता आले नसते. अबोला मात्र अंगवळणी पडला होता. जाळी लागली की तो कायमचा झाला, हे थोरल्याला कळत होते आणि त्याला ते नको होते. पण नको म्हणायची सोय नव्हती, कारण वकिलासमोर रागाच्या भरात कुंपण मागितले होते त्यानेच. निदान ते सावकाश व्हावे, एवढेच हातात उरले होते. सावकाश काम करणे धंदेवाल्या माणसांना परवडत नाही.

रविवारी सकाळी त्याने पहिला खड्डा खणला. लोखंडी खांब आत सोडला, एका हाताने धरला, दुसऱ्याने ओळंबा लावला, आणि तिसरा हात नसल्यामुळे काँक्रीट पायाने ढकलले. मग चार पावले मागे जाऊन पाहिले. त्याला तरी सरळ दिसत होता.

धाकटा आपल्या पायरीवर दात घासत उभा होता. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. वाकड्या रेघेसमोर गप्प बसणे त्याला जमत नसे.

"दादा, खांब कललाय."

थोरल्याने वर पाहिले नाही. "कुणीकडे?"

"माझ्याकडे."

"मुद्दाम नाही केला."

"माहितीये. तू ढाळ दिलायस."

खरेच होते. पाणी तुंबू नये म्हणून चाळीस वर्षे त्याने प्रत्येक पाइपाला बारीकसा ढाळ दिला होता. हाताला सरळ ठेवणे माहीतच नव्हते. धाकट्याने चूळ भरली, टॉवेल खांद्यावर टाकून तो आला आणि त्याने दोन्ही हातांनी खांब धरला.

"तू ओळंबा बघ. मी धरतो."

त्यात तीन रविवार गेले. बोलणे कामापुरतेच. थोडा आत घे. दाब. हां, बस. एकदा धाकट्याने विचारले, "गुडघा कसाय?" थोरला म्हणाला, "आहे जागेवर." त्यावर दोघेही थोडे हसले. बायको खिडकीतून बघत होती. तिने कुंपणवाल्याचे नाव पुन्हा काढले नाही.

चौथ्या रविवारी जाळी चढवली. ती खांबाला बांधायची म्हणजे तार एकाने ओवायची, पलीकडच्याने ओढून परत द्यायची, मग पिळायची. दोघे आपापल्या हद्दीत उभे राहून तारेची टोके एकमेकांना देत सरकत होते. नवव्या खांबापाशी धाकटा म्हणाला, "इथे छोटं फाटक ठेवायचं का?"

"वाटणीच्या नकाशात नाहीये," थोरला म्हणाला, आणि तोंडातून शब्द गेल्याबरोबर त्याला वाईट वाटले. धाकट्याने मान डोलावली आणि पुढची तार मागितली.

दुपारपर्यंत अकराव्या खांबाची शेवटची तार पिळून झाली.

"झालं," धाकटा म्हणाला.

"झालं."

हात झटकून धाकटा आपल्या दाराने आत गेला. थोरला पक्कड घेऊन तिथेच उभा राहिला.

"अहो, संपलं का एकदाचं?" बायकोने आतून विचारले.

"आहे अजून थोडं," तो म्हणाला, आणि पहिल्या खांबापाशी जाऊन घट्ट बसलेल्या गाठी एकेक करून पुन्हा आवळू लागला.