पुढच्या डाव्या चाकाची अंगाई

मी एका दुकानाच्या गाद्या घरोघर पोचवतो. व्हॅन माझ्याहून वयाने मोठी, म्हणून मी तिच्याशी आदराने वागतो. माझी तान्ही भाची फक्त तिच्यातच झोपते. घरी ती पाळण्यात रडते, खांद्यावर रडते आणि रडून दमली की विश्रांती म्हणून किंचाळते. आम्ही तिला सायरन म्हणतो.

तिला झोप यायची ती पुढच्या डाव्या चाकामुळे. गाडीने जरा वेग घेतला की ते 'हूंऽऽ' असं गुणगुणायचं. सायरनचे डोळे मिटायचे, मागोमाग ताईचे. ताईची दिवसभरात तेवढीच झोप. म्हणून मी मुद्दाम लांबून जायचो. गाद्या उशिरा पोचायच्या, पण घरात कुणीतरी झोपलेलं असायचं.

मावशी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चाकांचं काम करते. एकदा ती आमच्याबरोबर व्हॅनमध्ये बसली, कान टवकारले आणि म्हणाली, "घरी घे. हळू."

दारात जॅक लावून तिने चाक वरखाली हलवलं. खट्‌खट्‌.

"बेअरिंग संपलंय. अजून थोडं चालव, चाक तुझ्याआधी घरी पोचेल."

"मावशी, नको ना काढूस," ताई म्हणाली. "त्या आवाजावरच झोपते गं ही. मीसुद्धा."

"अगं बाई, झोपेतच खड्ड्यात जाल दोघी!"

ताई एका गादीच्या कडेवर टेकली. सायरनकडे बघत म्हणाली, "काढ." ऑपरेशनच्या कागदावर सही करावी तसं.

जुन्या बेअरिंगचे रोलर काळेनिळे पडले होते. मावशीने नव्यात तळहाताने ग्रीस दाबून भरलं, बसवलं आणि नट आवळायला मला सांगितलं. मी जीव खाऊन आवळला.

"घे! आता कुणाच्या बापाला सुटायचा नाही."

मावशीने चाक फिरवलं. फिरलं नाही.

"शाब्बास. चाकाचा खांब केलास." तिने पाना घेतला. "आवळायचं, चाक फिरवून बघायचं आणि मग जरासं सैल सोडायचं. डुगडुगायला नको, गुदमरायलाही नको." चाक अलगद फिरलं. तिने नटात पिन घातली.

आम्ही निघालो. गाडीत शांतता. इतकी शांतता की सायरनला स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू आला आणि तो तिला फार आवडला. ताई खिडकीबाहेर बघत होती. तिने मनगटाने डोळे पुसले.

"हूंऽऽऽ," मागून मावशी म्हणाली. हुबेहूब! "वळणावर सूर चढायचा त्याचा. धर साथ."

मी धरली. वळणावर चढवला. सायरन बिचकली, गप्प झाली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नियमाने आम्हीही थांबायला हवं होतं, पण तिने एक डोळा उघडला, म्हणून चालू ठेवलं.

शेजारचा स्कूटरवाला वाकला. "अहो, बेअरिंग गेलंय वाटतं?"

"हो."

"गाडीचं?"

"नाही. गाडीचं नवीन आहे."

पुढच्या चौकात सायरन झोपली. त्याच्या पुढच्या चौकात ताई, तोंड उघडं टाकून.

"आता खुशाल लांबून जा," मावशी कुजबुजली. "चाक कुठे जात नाही." आणि पुन्हा सूर धरला.

मला तिचे आभार मानायचे होते, पण तोंड कामात होतं. पुढच्या वळणावर मी जरा जास्तच चढवला. तिने मागून माझ्या खांद्यावर ग्रीसचा हात ठेवला. पोचलं असावं.