नळीतलं ऊन

चष्मेवाल्याने घरातल्या प्रवाळांच्या टाकीवर दिवे लावलेच नव्हते. छतातून आरशासारखी चकचकीत नळी सोडून त्याने ऊनच थेट घरात आणलं होतं. "वीज गेली तरी आपलं काही अडत नाही," असं तो येईल त्याला ऐकवायचा.

मग वादळात विजेचे खांब पडले आणि पाणी खेळवणारा पंप थांबला. बॅटरीवरचा पंपही दुसऱ्या दिवशी थंडावला. तो आणि बायको बाह्या सावरून आळीपाळीने हातानेच पाणी ढवळत बसले.

आभाळ आता निरभ्र होतं. नळीतून भरभरून ऊन उतरत होतं आणि त्यात जांभळं प्रवाळ पांढरं पडताना लख्ख दिसत होतं. मासे वर येऊन धापा टाकत होते.

"अहो, हात भरून आलाय माझा. पुरे आता."

"थांबलो तर सगळं संपेल गं."

"आणि नाही थांबलो तर?"

स्टुलावर चढून त्याने नळीच्या तोंडाला चादर बांधली. खोली अंधारली. बायकोने पुन्हा पाण्यात हात घातला.

संध्याकाळी वीज आली, पंप घरघरला. चादर सोडून टाकीत काय उरलंय ते बघायला मात्र दोघांपैकी कुणीच उठलं नाही.