दोनशे दहाचा आकडा

पोरीला घाटापलीकडच्या दवाखान्यात नोकरी लागली. रोज एकटीनं घाट चढायचा, उतरायचा. मी अट घातली, गाडी माझ्या गॅरेजात पास झाली तरच जायचं. तिनं शेजारच्या शिंप्याची जुनी गाडी पसंत केली.

स्पार्क प्लग काढून भोकात प्रेशर मोजायचा गेज लावला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. दोनशे दहा. चारही सिलिंडरला तेवढंच!

"पास!" पोरगी ओरडली.

माझ्या मनात पाल चुकचुकली. या इंजिनाचं कॉम्प्रेशन नऊला एक. म्हणजे पिस्टन हवा नवव्या हिश्शात दाबणार. ते कारखान्यातच ठरतं, गाडी म्हातारी झाली म्हणून बदलत नाही. गेजवर दिसतं ते प्रेशर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की हवा निसटते नि ते उतरतं. नऊला एक असेल तर गेजवर एकशे सत्तर म्हणजे डोक्यावरून पाणी. अन् या खटाऱ्याला दोनशे दहा? म्हातारीच्या तोंडात बत्तीस दात!

शिंप्याला बोलावून चांगलं फैलावर घेतलं.

"अहो, मला धड बॉनेट उघडता येत नाही," तो रडकुंडीला आला.

"सोंग पुरे!"

प्लगच्या भोकात तार घातली. तेलानं निथळत बाहेर आली. वरून तेल ओतलं की रिंगांच्या फटी बुजतात नि गेज खुशाल खोटं बोलतो. स्टार्टर मारत राहिलो, भोकांतून तेलाचा फवारा उडाला, आणि पुन्हा मोजलं तर जेमतेम एकशे दहा.

शिंप्याच्या अंगावर धावणार, तेवढ्यात फळीवरच्या माझ्या तेलाच्या डब्याकडे लक्ष गेलं. डब्याखाली फडक्याची चौकोनी घडी. फळीला डाग नको म्हणून अशी घडी ठेवणारं या गॅरेजात एकच माणूस आहे.

मी शिंप्याची माफी मागून त्याला वाटेला लावलं नि पोरीकडे वळलो.

"घाटात बंद पडली असती म्हणजे? जिवावरचा खेळ आहे का हा?"

"रिंगा मी पहिल्या पगारात बदलणार होते. तेलाची युक्ती तुम्हीच शिकवलीत, बाबा."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"खरोखर एकशे सत्तर आलं असतं, तर सोडलं असतं मला?"

मी तोंड उघडलं. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, सगळ्यांतली खोट जिभेवर तयारच होती. पोरीपुढे मला माझीच भयंकर लाज वाटली.

"रविवारी इंजिन खोलू," मी म्हणालो. "जुने कपडे घालून ये. आणि सोमवारी तूच चालव, मी शेजारी बसेन. फक्त पहिल्या दिवशी."