शनिवारचं लेथ

मालोजी चौतीस वर्षं खोपोलीच्या एका कागद कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि त्याची सुट्टी शनिवारी असायची. सगळ्या जगाचा रविवार त्याच्याकडे एक दिवस आधीच यायचा. सासरवाडीला जायचं ते शनिवारी, कौलं चाळायची ती शनिवारी. रिटायर होऊन पाच महिने झाले तरी अंगातला शनिवार काही गेला नव्हता. त्यामुळे चौक गावच्या आनंदीबाईंना फोनवर बावीस तारीख देताना वार बघायचं त्याला सुचलंच नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.

बाईंकडून आणायचं होतं लाकूडकामाचं लोखंडी लेथ. लाकूड त्यावर गरगर फिरतं, वर पटाशी धरली की त्याचं लाटणं होतं, नाहीतर पलंगाचा पाय. मालोजीने जन्मभर दुसऱ्यांची मशिनं दुरुस्त केली, पण स्वतःचं म्हणावं असं विहिरीवरच्या पंपापलीकडे काही नव्हतं. आता होणार होतं. कर्जतजवळच्या आपल्या घरी त्याने रिकामा गोठा धुतला, खाली कोबा केला, भिंतींना चुना दिला, दोन मोठे बल्ब लावले. म्हशी विकल्या आणि आमचे हे गोठ्यात राहायला गेले, असं त्याची बायको मंगळी पाणवठ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सांगून आली होती.

बावीस तारखेला भाचा चांगो पिकअप घेऊन आला. नऊच्या आत दोघं चौकला पोचले. वाटेत मालोजीने तीनदा दोऱ्या मोजल्या आणि चांगोने तीनदा त्याला गप्प बसवलं.

आनंदीबाई बहात्तरच्या. नवरा गेल्यावर रडत बसायच्या ऐवजी त्याच्या लेथवर उभ्या राहिल्या, त्याला चोवीस वर्षं झाली. खालापूर तालुक्यातल्या निम्म्या घरांतल्या पोळ्या त्यांच्या लाटण्याखालून गेल्या होत्या. आता खांदा वर होत नव्हता, आणि लेथचा भाड्याचा गाळा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रिकामा करून द्यायचा होता. मागे जे उरेल ते रविवारी पहाटे भंगारवाला नेणार होता, बाईंच्या मुलाने त्याला तसा शब्दच दिला होता. लेथ चालवणाऱ्या हातात पडावं म्हणून बाई मालोजीची वाट बघत होत्या.

लेथला हळदकुंकू झालं. नारळ फुटला. शेजारच्या गॅरेजमधले चौघं आले, त्यांनी लेथखाली पाइप सारले आणि आता रेटायचं, तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. आज शनिवार ना, असं तो सहज म्हणाला आणि सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नसतं आणि द्यायचंही नसतं, हे काय कोणाला शिकवावं लागतं? बाईंच्या नवऱ्याने एका शनिवारी लेथची जुनी मोटार विकली आणि चौथ्या दिवशी त्याचं बोट गेलं होतं. ते मोटारीपायी गेलं की पटाशी धरून विडी पेटवण्यापायी, हे घरात कधी कोणी विचारलं नाही. बाईंनी पदर खोचला आणि आज लेथ कोणाला देणार नाही म्हणून सांगितलं.

मालोजीने वाद घातला, पण मन लावून नव्हे. त्याला स्वतःलाही आतून ते पटत होतंच. त्याने मंगळीला फोन लावला. तिने तर शनिवारचं लोखंड उंबऱ्याच्या आत घेणार नाही असं निक्षून सांगितलं, वर इतकी वर्षं संसार करून वार कळत नाही का म्हणून विचारलं. उद्या पहाटे चांगोची पिकअप नाशिकला जायची होती. मालोजीने ओळखीच्या तिघा टेंपोवाल्यांना फोन केले. लग्नसराईचा रविवार, एकही गाडी मोकळी नव्हती.

तो लेथशेजारी स्टुलावर बसला. चुना दिलेला गोठा डोळ्यांसमोर आला. साठीच्या माणसाने मशीनपायी रडायचं म्हणजे हसं व्हायचं, म्हणून तो उगाच पट्टा तपासत राहिला.

बाई मात्र आतल्या खोलीत गेल्या होत्या. पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या त्या नवं लुगडं नेसून आणि हातात पिशवी घेऊन. गाळ्याची किल्ली त्यांनी गॅरेजवाल्याकडे दिली.

"मालोजी, तुझ्या घरी पाहुणी शनिवारी आली तर तिची पिशवी तुमी बाहेर ठेवता काय रं?"

"नाय मावशी. असं कसं ठेवू?"

"मंग झालं. मी आज तुझ्याकडं राहायला येते. पिशवी हाय तसंच ह्ये लेथ, माझं सामान हाय. आज मी देत नाय नि तू घेत नायस. उद्या काय ते बगू."

गॅरेजमधले चौघं इतके हसले की लेथ गाडीत चढवताना दोनदा खाली ठेवावं लागलं.

बाई पुढे चांगोशेजारी बसल्या आणि मालोजी मागे, लेथला टेकून. गाडी कर्जत फाट्याकडे वळणार तोच बाईंनी फर्मान काढलं की खालापूर, खोपोली करत जायचं. चोवीस वर्षं गाळ्यात काढली, नुसता माल गावोगाव गेला, आता मलाही जरा गावं बघू दे, असं त्यांचं म्हणणं. पाहुणीचं ऐकावंच लागतं. खालापुरात एका भांडीवाल्याने त्यांना ओळखलं, दुकान तसंच सोडून तो रस्त्यावर आला आणि सगळ्यांना चहा पाजला. खोपोलीत बाईंनी झेंडूचा हार घेऊन लेथला घातला. पुढच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने ही वरात कोणाची म्हणून विचारलं, तेव्हा चांगोने मागे बसलेल्या मामाकडे बोट दाखवलं. मालोजीने नवरदेवासारखा नमस्कार केला. इतकं मोकळं तो कित्येक वर्षांत हसला नव्हता.

पण दर थांब्यावर बाई मागे येत, दोरी ओढून बघत आणि लेथवरून हात फिरवत. पळसदरीपाशी त्यांचा हात जरा जास्तच वेळ लेथवर राहिला आणि मालोजीने ते पाहिलं. उद्या यांना देववलं नाही तर? सामान त्यांचं, मर्जी त्यांची. तोंडाने मागायची तर सोय नव्हती.

मंगळीने बाईंच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाहुणीच्या सामानाचं ऐकल्यावर ती क्षणभर विचारात पडली, मग सामानावरूनही एक तुकडा ओवाळला. आळीतल्या माणसांनी लेथ गोठ्यात नेऊन ठेवलं. मालोजीने तारा जोडल्या, पण बटणाला हात लावला नाही. लोकाच्या मशीनला विचारल्याशिवाय हात लावू नये, ही कारखान्याची शिस्त.

रविवारी उजाडताच बाई आंघोळ करून गोठ्यात आल्या. आंब्याचा एक ओंडका त्यांनी लेथवर चढवला, बटण दाबलं आणि दुखऱ्या खांद्याने पटाशी धरली. ढलप्या उडू लागल्या. मालोजी दाराशी उभा होता. बाईंचा चेहरा बघून त्याला वाटलं, गेलं आपलं लेथ, आणि गेलं तरी चालेल असंही वाटलं.

बाईंनी लेथ थांबवलं.

"बगत काय ऱ्हायलास? आज रविवार हाय. घे."

पटाशी त्यांनी त्याच्या हातात दिली आणि कोपर धरून त्याला लेथपुढे उभं केलं. साठ वर्षांचा मेकॅनिक पहिल्याच फटक्याला चुकला, लाकूड धडकन उडालं आणि मंगळी दारातून पळाली. बाईंनी ते पुन्हा चढवलं. तासाभराने एक लाटणं निघालं, एका बाजूला जाड, मधे खड्डा पडलेलं. मालोजी ओशाळला आणि ते चुलीत घालायला निघाला.

बाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. तळव्यांवर फिरवून बघितलं, पदराने पुसलं आणि आपल्या पिशवीत ठेवलं.

"मावशी, वाकडं हाय त्ये," मालोजी म्हणाला.

"असू दे. सगळ्या तालुक्याला लाटणी करून दिली रं मी. मला कुणी करून दिलेलं ह्ये पयलंच हाय."