यादीतलं शेवटचं नाव

"हे बघा बाई, फुकट देणाऱ्याचं मला काही नको!" म्हाताऱ्यानं फोन आपटला.

ग्लेनिस ट्रँटरनं रिसीव्हर हळूच खाली ठेवला. इंगम गावातल्या एका गॅरेजच्या काउंटरवर ती तेवीस वर्षं बसत होती. एअरबॅग सदोष निघाली म्हणून कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, तेव्हा चारशे बारा मालकांची यादी तिच्या पुढ्यात आली. कुणी पत्ता बदललेला, कुणी गाडी मेव्हण्याच्या गळ्यात मारलेली. तिनं एकेकाला हुडकून काढलं. एकाला तर धक्क्यावर मासे धरताना गाठलं. आता एकच नाव उरलं होतं, नुन्झिया मुझुमेची या बाईचं. फोन मात्र दर वेळी तिचा नवरा सेबास्तियानो उचलायचा.

"चारशे अकरा झाल्या की. सोड आता," मॅनेजर म्हणाला.

"फुटायची असेल ती या चारशे अकरांतली नसेल," ग्लेनिस म्हणाली.

दुसऱ्या सकाळी तिनं नवी एअरबॅग घेतली, डगी नावाच्या धिप्पाड मेकॅनिकला व्हॅनमध्ये कोंबलं आणि उसाच्या फडांमधून थेट म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन थडकली.

सेबास्तियानो व्हरांड्यात शेंगा सोलत बसला होता.

"कंपनीची पत्रं नाही आली तुम्हाला?"

"आली. पाच." त्यानं खिडकीकडे हनुवटी केली. पाच लिफाफे, एकही फोडलेला नाही. "तिच्या नावाची आहेत. दुसऱ्याचं पत्र मी फोडत नाही."

"मग त्यांनाच बोलवा ना."

"दोन वर्षं झाली तिला जाऊन."

ग्लेनिसनं शेडमधल्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "गाडी कोण चालवतं?"

"मी. रविवारी, चर्चला."

"कशी बसता, दाखवता का?"

तो शेडमध्ये जाऊन गाडीत बसला. गुडघे वर डॅशबोर्डला टेकलेले, छाती स्टिअरिंगला भिडलेली.

"अहो, सीट मागे घ्या की!"

"तिनं लावलीय." म्हातारा समोर बघत होता. "बुटकी होती. आणि तुम्हा गॅरेजवाल्यांना मी ओळखतो. गाडीत बसलात की पहिल्यांदा सीट मागे ढकलता."

ग्लेनिस दाराशी उकिडवी बसली. "सेबास्तियानो, मी तुम्हाला घाबरवायला आले नाही. पण आपल्या दमट हवेनं त्या एअरबॅगमधली स्फोटक दारू बिघडते. साधी धडक बसली तरी ती दारू भरलेली डबीच फुटते आणि लोखंडाचे तुकडे उडतात. तुमची छाती वीतभरसुद्धा लांब नाही. सीट तसूभर हलणार नाही, माझा शब्द."

"मी मावणार कसा त्यात?" डगी कुजबुजला.

"बाहेरून कर."

"बाहेरून? मी काय माकड आहे?"

पण त्यानं केलं. बॅटरीची तार सोडली, थोडा वेळ थांबला आणि खडीवर गुडघे टेकून एक खांदा दारातून आत घातला. मानेवरून घामाच्या धारा वाहत होत्या. म्हातारा टॉर्च धरून उभा होता, पण उजेड डगीच्या हातांवर कमी आणि सीट सरकवायच्या खिट्टीवरच जास्त पडत होता. एकदा डगीचं कोपर खिट्टीला लागलं.

"अरे, अरे!" म्हातारा आणि ग्लेनिस एकदमच ओरडले.

"हात लागला फक्त! देवाशपथ!" डगी हात वर करून म्हणाला.

तासाभराच्या कामाला अडीच तास लागले. जुनी एअरबॅग खोक्यात बंद झाली तेव्हा डगीचे गुडघे खरचटले होते. सेबास्तियानोनं स्वतःच पाणी आणलं, फडकं आणलं आणि त्याच्यासमोर धरलं. "मुला, फार सोसलंस," म्हणाला.

"आता बसा, आणि हॉर्न वाजवून बघा," डगी म्हणाला. "तोसुद्धा काढून परत जोडलाय."

म्हातारा पुन्हा तसाच गुडघे दुमडून आत शिरला. त्यानं हॉर्न दाबला. फडातून बगळे उडाले.

आवाज थांबल्यावर तो मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला, हॉर्न ऐकून बायको बाहेर येईल असा. ग्लेनिसनं हातातल्या कामाच्या फॉर्मवर मान खाली घातली आणि भरलेल्याच रकान्यावरून पुन्हा हळूहळू पेन फिरवू लागली. त्याची मान इकडे वळेपर्यंत.