सातवं प्रकरण

मुद्रितशोधकाने त्या कादंबरीपायी सोळा वर्षं हाडाची काडं केली होती. दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करायच्या आणि पहाटे उठून स्वतःच्या वाक्यांशी झटापट करायची. "प्रतिभा-बितिभा सगळं थोतांड," तो भेटेल त्याला सांगे, "बूड टेकून बसावं लागतं!" शेवटी बायकोने सहाशे पानं सुवाच्य अक्षरात उतरवून दिली आणि ते बाड त्याने प्रकाशकाला नेऊन दिलं.

महिन्याभराने बोलावणं आलं. प्रकाशक तोंडाचा फाटका. बसा न म्हणताच बाड परत पुढ्यात सरकवून म्हणाला, "मेहनत दिसते. तेवढीच दिसते. वाक्य न् वाक्य इस्त्रीचं, पण आत माणूस नाही. फक्त ते सातवं प्रकरण, सासू सुनेकडून केस विंचरून घेते ते, वाचताना अंगावर काटा आला. असं लिहिता येत होतं, तर बाकी ठिकाणी माती का खाल्लीत?"

मुद्रितशोधकाच्या सातव्या प्रकरणात सासू नव्हतीच. होतं ते नायकाचं कोर्टातलं भाषण.

घरी बायको मटार सोलत होती. त्याने विचारताच तिने जीभ चावली.

"अहो, उतरवताना त्या पानांवर पाणी सांडलं. अक्षर लागेना. तुम्ही रागवाल म्हणून मीच लिहून टाकलं. एका दुपारीच झालं." मग हातातल्या शेंगेकडे बघत, हळूच: "का हो? काही म्हणाले का ते?"

इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही विचारल्याचं त्याला आठवेना. प्रकाशकाचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता.

"म्हणाले, पुस्तक छापलं असतं. त्या एका प्रकरणाने नासवलं."

"सोळा वर्षं हो तुमची..." म्हणत ती हुंदके द्यायला लागली. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"असू दे. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

तिची ती पानं समोर ठेवून तो सहा महिने तसं लिहायला धडपडला. त्याच्या कागदावर सासू काही बोलेना. मग त्याने बायकोची ती पानं फाडून टाकली.

आता स्वतःच्या थोरल्या बहिणीला चार ओळी कळवायच्या झाल्या, तरी बायको कागद त्याच्यापुढे सरकवते. "तुम्हीच लिहा बाई. मला मेलीला काय येतंय?"

आणि तो लिहितो. दोनदा खोडून, तिसऱ्यांदा स्वच्छ अक्षरात.